लिंबू, कुंकू आणि अंडं

आंबेनळीचा पायथा, ता. पोलादपूर
१२ सप्टेंबर २०२४

दीपक यास,

वहिनीचा आशीर्वाद. इकडे सगळे बरे. भात पोटरीला आलंय. आई आणि निशिगंधा बऱ्या असतील. तुला मुलगा झाला हे शेजारच्या आवडीकाकूंनी मोबाईलवर बारशाचे फोटो दाखवले तेव्हा कळलं. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र.

आजवर भावजी म्हटलं, अहोजाहो केलं. आज करणार नाही.

माझ्या तेजूने शाळेसाठी प्रयोग मांडला होता. बाईंनी व्हिनेगर सांगितलं, ते पोलादपुरात मिळालं नाही, म्हणून पोरीने लिंबं पिळली. आंबट रसात अंड्याचं कवच विरघळतं, नुसती पातळ कातडी राहते. मग पाण्यात ठेवलं की कातडीतून पाणी आत शिरतं आणि अंडं टम्म फुगतं. पाणी लाल दिसावं म्हणून तिने चिमूटभर कुंकू टाकलं, आणि मांजर लागू नये म्हणून ग्लास खाटेखाली सारला. खाट निशिगंधाची, एवढाच पोरीचा गुन्हा.

आईंनी पाहिलं आणि अंगणात बोंब ठोकली, "करणी केली गो बाय माझ्या धाकटीवर!" वाडी गोळा झाली. "दर्शनाला पोरगा नाय, म्हणून जळते," असंही कोणी म्हणालं. आई घाबरल्या, त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. निशिगंधा घाबरली, तिला नववा महिना. पण तू? तू बारावी सायन्स! तेजू रडत सांगत होती, "काका, हे परासरण हाय, सांगा ना आजीला!" तू म्हणालास, "गप बस." आणि आईंना नि निशिगंधाला गाडीत घालून मुंबईला निघालास.

तुला माहीत होतं, मेल्या. सगळं माहीत होतं!

आता हळदीकुंकवाला मला कोणी बोलवत नाही. मी दिसले की बायका पोरं पदराखाली घेतात. तेही मी सोसलं असतं. पण काल तेजू म्हणाली, "आई, मी सायन्स नाय घेणार. तुला परत कोण चेटकीण म्हणंल." तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

दिवाळीला ये. साडीबिडी आणू नकोस. त्याच अंगणात लिंबं मी पिळीन, अंडं मी ठेवीन, आणि वाडीसमोर तू तोंड उघडायचं. जमत नसेल तर येऊच नकोस.

आणि हे पत्र आईंना मोठ्याने वाचून दाखव. त्यांना वाचता येत नाही. तुला येतं.

अजून तरी तुझी वहिनी,
दर्शना