सहीच्या दोन जागा

मुख्य कार्यालयातल्या तपासनीस साहेबांना,
मनापासून नमस्कार.

माझ्या घर-मूल्यांकनाच्या रिपोर्टवर "जुना फॉर्म, परत" हा तुमचा लाल शेरा यंदा चौदाव्यांदा आला. दर वेळी मी "नजरचुकीने" असं लिहून माफी मागितली. साहेब, नजरचूक कसली! जुन्या फॉर्मचे दोन गठ्ठे मीच कपाटात छत्रीमागे दडवून ठेवले होते.

नव्या फॉर्मवर सहीची जागा एकच. लेझरचं यंत्र घेऊन एकटीनं जायचं, घर मोजायचं, किंमत लिहायची. जुन्यावर दोघांच्या सह्या लागतात, म्हणजे टेपचं दुसरं टोक धरायला आमचा फूटपट्टी हवाच. माणूस इतका सरळ, की ऑफिसात त्याचं नावच ते पडलंय.

गेल्या महिन्यात एका रिकाम्या घराचं स्वयंपाकघर मोजताना त्यानं पलीकडून विचारलं, "खरं सांग, नवा फॉर्म आलाय ना?"

"आलाय की. वर्ष झालं."

"मलाही माहीत होतं," तो म्हणाला. टेप त्याच्या हातून सुटली आणि सर्रकन माझ्याकडे आली. तिच्या पाठोपाठ तोही आला.

हे पत्र अर्थातच पाठवणार नाही. एक गठ्ठा अजून शिल्लक आहे. पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. काल आम्ही पुन्हा शेजारी शेजारी सह्या केल्या, विवाह नोंदणीच्या फॉर्मवर. खिडकीतल्या बाईंना मी तीनदा विचारलं, "हा नवाच आहे ना? परत नाही ना येणार?"

तुमची पेटंट डोकेदुखी,
टेपच्या अलीकडच्या टोकाहून