तिराह्यावर दोन हॉर्न

३ नोव्हें., सोम.
आजपासून बाबांची गाडी मी नेऊन राहिलो. पाटन ते जबलपूर, जबलपूर ते पाटन. तीन वर्षांपूर्वी याच अंगणात उभं राहून त्यांना म्हटलं होतं, "तुमच्यासारखं जन्मभर या एका रस्त्यावर येणं-जाणं मला नाही करायचं." आणि पुण्याला निघून गेलो. आता घ्या! तोच रस्ता, तीच पांढरी गाडी. बाबा फॅक्टरीत जायचे, मी कांचघरच्या ऑफिसात नकाशे काढायला. एवढाच फरक.

आईनं हातावर दही ठेवलं. सीट बाबांच्या सवयीची, पुढं ओढलेली. गुडघे स्टीअरिंगला लागत होते, तरी मागं केली नाही. जमलं नाही.

त्यांचा मोबाईल डॅशबोर्डच्या खणात तसाच आहे, चार्जरला लावलेला. गाडी चालू झाली की चार्ज होतो. आई नंबर बंद करू देत नाही. म्हणते, राहू दे ना, तुझं काय जाऊन राहिलं?

गाडीत झेंडूचा वास येतो. दोनदा धुतली तरी येतो. मागच्या सीटच्या फटीत पाकळ्या सापडल्या. आईला दाखवल्या. "अवो माय! यांनी फुलं? मला लग्नापासून एक गजरा आणल्याचं आठवत नाही." मग बराच वेळ पाकळ्या हातातच धरून होती.

५ नोव्हें., बुध.
आजचं नीट लिहितो.

पाटन सोडल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी तीन रस्त्यांचा तिराहा लागतो, कडुलिंबाखाली खेरमाई देवीची मढिया म्हणजे छोटं देऊळ आहे तो. शेळ्या आडव्या आल्या म्हणून दोनदा हॉर्न वाजवला. पीं-पीं. झाडाखालून एक म्हातारी उठली, डोक्यावर टोपली, चाचपडत आली, मागचं दार उघडलं नि बसली. जशी गाडी तिचीच. टोपलीत झेंडू काठोकाठ. डोळे दोन्ही दुधाळ, मोतीबिंदू पार पिकलेला.

"काय भैया, इत्ते दिना किते रए? तबियत तो ठीक है?"

इतके दिवस कुठं होतात, विचारून राहिली होती. मला नाही, बाबांना.

माझा आवाज हुबेहूब बाबांचा आहे. कॉलेजात असताना फोन उचलला की लोक मलाच "साहेब" म्हणायचे नि आम्ही घरात हसायचो. मी म्हटलं, "छुट्टी पर था." म्हणजे म्हणायचं होतं वेगळंच. मी त्यांचा मुलगा, ते गेले सप्टेंबरात, असंच सांगणार होतो. तेवढ्यात ती म्हणाली,

"लड़का को फोन आओ?"

मुलाचा फोन आला का. रोजचंच विचारणं असावं तसं, टोपली नीट करता करता.

म्हटलं, "नहीं."

"आहै भैया, आहै. आज नईं तो कल." येईल म्हणे, आज ना उद्या.

दमोह नाक्याला उतरली. मी कांचघरला कसा पोचलो, देवाला माहीत.

६ नोव्हें., गुरु.
आज सांगणार होतो. तिराह्यावर न वाजवता पुढं जायचं, असंही ठरवलं होतं. हात आपोआप हॉर्नवर गेला.

बसल्या बसल्या रुसली. "आज सोई माई नईं कई तुमने."

आजही मी माई म्हटलं नाही म्हणून. म्हणजे बाबा तिला माई म्हणायचे. म्हटलं, "माई." खूश झाली. स्वतःच्या बापाला तीन वर्षं हाक मारली नाही, आणि इथं बापाच्या जागेवर बसून बापाची हाक मारून राहिलो आहे.

मग तेच. लड़का को फोन आओ? नहीं.

उद्या सांगतो.

१० नोव्हें., सोम.
नाही सांगितलं.

माई बोलत राहते, मी हं-हं करतो. बाबाही फार बोलत नसावेत असं वाटायचं. कसलं काय! सगळं सांगून ठेवलंय तिला. मी पाचवीत भिंतीवर कोळशानं पूल काढला होता, तेही. "तुमाओ लड़का नक्शा बनात है ना, बड़ी-बड़ी बिल्डिंग के? तुम कहत हते, हाथ में जादू है ओके."

हातात जादू आहे म्हणे. मला काय म्हणाले होते? "कागदावर रेघोट्या ओढून पोट भरत नाही." हे तोंडावर. आणि जादू या परक्या म्हातारीला, रोज सकाळी, अर्धा-पाऊण तास. बाबा, राग येतो हो तुमचा. मला एकदा म्हणायला काय झालं होतं?

मी तरी कुठं विचारलं.

१३ नोव्हें., गुरु.
आईला सांगून टाकलं. पोळी तव्यावर करपली.

"काहून खोटं बोलून राहिला म्हाताऱ्या बाईशी? पाप लागते बाबू."

म्हटलं, उद्या सांगतो.

आईनं गॅस बंद केला. जरा वेळानं हळूच, "अजून काय म्हणते ती? यांच्याबद्दल?"

जे जे ऐकलं ते सांगितलं. झेंडू पावसात भिजला तेव्हा बाबांनी गाडीचा हीटर लावून फुलं सुकवली होती, ते ऐकून हसली. सप्टेंबरनंतर पहिल्यांदा. मग डोळ्याला पदर लावला. "घरी मूग गिळून बसायचे, आणि बाहेर..."

१७ नोव्हें., सोम.
आता आई संध्याकाळी फाटकातच उभी असते. चपला काढायच्या आत, "आज काय म्हणाली?"

आम्ही दोघं मिळून बाबांना जिवंत ठेवून राहिलो आहोत. माईला माहीत नाही म्हणून ते तिराह्यापासून दमोह नाक्यापर्यंत रोज असतात. मी सांगितलं की त्या दिवशी गेले. दुसऱ्यांदा. आणि या खेपेला माझ्या तोंडून.

आजही विचारलं. आजही नहीं म्हटलं. "नहीं" म्हणताना बाबांचा चेहरा कसा होत असेल? तीन वर्षं त्यांनी हाच शब्द म्हटला. मी दर रविवारी आईला फोन करायचो, "बाबा कसे आहेत" एवढं विचारून ठेवून द्यायचो. ते बाजूलाच बसलेले असायचे, आई आज म्हणाली. टीव्हीचा आवाज बारीक करून.

१९ नोव्हें., बुध.
आज सहन झालं नाही.

"लड़का को फोन आओ?"

"आया था, माई."

आरशात पाहिलं, तर दोन्ही हात कपाळाशी जोडलेले. "गाड़ी घुमाओ भैया. मढिया चलो, अबई."

मटार भरलेला ट्रॅक्टर मागून हॉर्न देत होता, तशातच गाडी वळवली. पुन्हा तिराहा. तिनं खेरमाईला बोलून ठेवलं होतं म्हणे, भैयांच्या मुलाचा फोन आला की टोपलीतली पहिली माळ मढियात. दगडाला हात लावून लावून जागा शोधली, माळ घातली. दुसरी गाडीच्या बाहेरच्या आरशाला बांधली.

परत निघालो तर हट्टानं, "का बोलो? बताओ तो, का बोलो लड़का?"

काय म्हणाला मुलगा. आता हे कोण सांगणार? एक खोटं झाकायला शंभर लागतात. पण जे तोंडातून निघालं ते खोटं नव्हतं. म्हटलं, "बोला, गलती हो गई बाबा. आपसे बात करनी थी, हिम्मत नहीं हुई."

माई म्हणाली, "और तुमने का कई?"

म्हणजे बाबा काय म्हणाले. तीच म्हणाली, "रो दए हुइयो. बाप को जी है." रडला असाल, बापाचं काळीज आहे, म्हणे.

ती उतरल्यावर दमोह नाक्यापुढं गाडी बाजूला लावली आणि पोटभर रडलो. एक रिक्षावाला काच वाजवून विचारून गेला, "भैया, सब ठीक?" ऑफिसला चाळीस मिनिटं उशीर.

२० नोव्हें., गुरु.
आईला कालचं अजून सांगितलं नाही. तिनं विचारलं, मी म्हटलं, काही विशेष नाही. मुलगा जे बोलला ते तिच्यासमोरही बोलवत नाही.

२४ नोव्हें., सोम.
हे कधीतरी येणारच होतं.

माईच्या डोळ्याचं ऑपरेशन. शहरातल्या दवाखान्यात, पुढच्या मंगळवारी. बाबांनी उन्हाळ्यातच नाव लावून दिलं होतं, न्यायचं-आणायचंही कबूल केलं होतं. आधी एक डोळा, दुसरा नंतर.

"पट्टी खुलहै तो सबसे पहलें तुमाई सूरत देखहूँ भैया. पाँच साल सें धुँधरी दिखात है."

सगळ्यात आधी तुमचा चेहरा बघेन म्हणते, पाच वर्षं तो धूसरच दिसतोय.

आई म्हणाली, "आता तरी सांग. डोळे उघडून पाहिलं नि तू दिसला, तर काय वाटेल त्या बाईला? आधी सांग."

बरोबर बोलते. पण आधी सांगितलं आणि ती घाबरून ऑपरेशनलाच गेली नाही तर? हे कारण चांगलं आहे. मला माहीत आहे की हे कारण नाही.

२८ नोव्हें., शुक्र.
चार दिवस राहिले. तिराह्यावर मुद्दाम लवकर पोचतो. नाक्यापर्यंत चाळीसवर गाडी, मागचे शिव्या घालतात. "काय भैया, आज बैलगाड़ी हाँक रए?"

आज विचारलं नाही. फोन आल्यापासून ती तो प्रश्न विचारतच नाही. समाधानात आहे. मलाच चुकल्यासारखं होतं.

२ डिसें., मंगळ.
माईला दवाखान्याच्या फाटकाशी सोडलं. टोपली नाही, नवी हिरवी साडी. दवाखान्यातली एक आया हात धरून आत घेऊन गेली. तीन पावलं जाऊन वळली, गाडी कुठं आहे ते न दिसता गाडीच्याच दिशेनं म्हणाली, "कल आइयो भैया. भूल न जइयो."

तोंड उघडलं होतं मी. खरंच उघडलं होतं.

३ डिसें., बुध.
सुट्टी टाकली. आई म्हणाली, मी येऊ? नको म्हटलं. मग निघताना बाबांचा स्वेटर आणून दिला, थंडी आहे म्हणून. घातला. का घातला कोण जाणे. बरोबर बसला.

दहा वाजता माई बाहेर आली. काळा चष्मा, हातात कागदांची पिशवी. आया तिला माझ्यापर्यंत आणून सोडून परत गेली. माई आधी गाडीकडं बघत राहिली. आरशाला बांधलेली माळ पार वाळली आहे, ती बोटानं चाचपली. मग माझ्याकडं बघितलं. वरपासून खालपर्यंत. मी हात जोडले. वाक्य तयार केलं होतं, रात्रभर पाठ केलं होतं, एक शब्द आठवेना.

"तैं तो लड़का आय!"

तू तर मुलगा आहेस. आणि एवढं हसली की शेजारच्या फळवाल्यानं मान वळवली. "वोई नाक, वोई माथो. आ गओ! फोन करो और पीछें-पीछें खुद आ गओ!" दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं. हातांना झेंडूचा वास. दोन दिवस फुलांना हात लावला नसेल, तरी. "भैया को घर बिठा दओ? अच्छो करो बेटा. भौत चला लई गाड़ी उन्ने."

बाबांना घरी बसवलंस, बरं केलंस म्हणते.

मी "माई" एवढंच म्हटलं. आवाज ऐकून ती क्षणभर थांबली. मग पहिल्यांदाच पुढच्या सीटवर बसली.

गाडी सुरू केली, पण गिअर टाकला नाही. ती म्हणाली, "फोन लगा भैया खों. दो बात कर लऊँ. कहूँ, तुमाओ लड़का लेबे आओ है."

मुलगा मला घ्यायला आलाय, हे त्यांना सांगायचंय तिला.

खिशातून मोबाईल काढला. 'बाबा' नाव यादीत अजून वरच आहे. तीन वर्षं तीन महिने त्यावर बोट ठेवलं नव्हतं. आज ठेवलं.

डॅशबोर्डच्या खणात त्यांचा मोबाईल वाजायला लागला. आवाज फुल ठेवलेला. माझा फोन चुकून ऐकू आला नाही असं व्हायला नको म्हणून बाबांनी ठेवला असेल.

माईनं खणाकडं बघितलं. मग माझ्या अंगातल्या स्वेटरकडं. मग समोर, काचेबाहेर. खण उघडला नाही. मीही फोन कापला नाही. पूर्ण वाजून आपोआप बंद झाला.

तिनं चष्म्याखालून पदर फिरवला, नव्या डोळ्याला लावू नका सांगितलं होतं तरी.

"फिर लगा," म्हणाली.

मी पुन्हा लावला.