चौथ्या टेबलावरची धमनी

गुरुवार, ७ डिसेंबर १९७८

कुसुमचा मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. संध्याकाळची पूजा होईपर्यंत पोटात फक्त बिनदुधाचा चहा आणि गुडघेदुखीच्या तीन पुड्या. औषध उपासाला चालतं म्हणे. भगर चालते की नाही यावर शेजारणीशी अर्धा तास खल करणारी बाई रिकाम्या पोटी तीन पुड्या टाकते, आणि वर मला अभिमानाने सांगते.

"त्याच्यानंच तर उभी राह्यली मी पूजेले."

भाऊ जाऊन सहा वर्षं झाली. त्याच्या बायकोशी, कुसुमशी, माझं भांडण अजून त्याच पुड्यांवरून.

शनिवार, ९ डिसें.

सकाळी कुसुम संडासातून भिंतीला धरून बाहेर आली. चेहरा पिठासारखा. विचारलं तर "काई नाई". मी आत जाऊन पाहिलं. डांबर. काळं, चिकट, वास नेहमीचा नाही. मी डॉक्टर नाही, मेडिकल कॉलेजात अॅनाटॉमीची चित्रं काढून रिटायर झालेली बाई आहे. पण हा रंग कशाचा ते मला कळतं. पोटात वाहून मुरलेलं रक्त.

"काल पालक खाल्ला होता," ती म्हणाली.

"पालकाने माणूस भिंत धरत नाही."

"तुम्ही कायले तिथं डोकावून पाहून राहिल्या, बाई? लाज नाई वाटत?"

नाही वाटत. शरदला, म्हणजे तिच्या मुलाला, खापरखेड्याला पॉवर हाऊसच्या ऑफिसात फोनवर निरोप ठेवला. निरोप घेणाऱ्याने दोनदा विचारलं, अर्जंट आहे का. दोनदा सांगितलं, आहे.

रविवार, १० डिसें.

शरद रात्रपाळी संपवून आला तेव्हा सकाळचे सहा. तो चपला काढत असतानाच कु.ला उलटी झाली. आधी चहाच्या चोथ्यासारखी, मग लाल.

ऑटोने सदर भागात, डॉ. देवघरेच्या नर्सिंग होममध्ये. पहिल्या वर्षाला फॉर्मालिनच्या वासाने दोनदा चक्कर येऊन पडलेला मुलगा. आता शहरातला नावाजलेला सर्जन. मला ओळखलं. "मिस, तुम्ही?" कॉलेजात सगळे मिसच म्हणायचे.

नाकातून नळी, नळीतून बर्फाचं पाणी. रक्ताच्या दोन बाटल्या. शरदच्या पाळीतले दोघे येऊन रक्त देऊन गेले, चहासुद्धा न घेता. मी त्यांची नावंही विचारली नाहीत.

सोमवार, ११ डिसें.

रक्त थांबलंय. कु. झोपून असते, डोळे मिटून तोंडाने मात्र सूचना देते. तुळशीला पाणी. दूधवाल्याला एक लिटर कमी.

देवघरेने त्याच्या खोलीत बोलावलं. आत शिरले आणि समोर भिंतीवर माझा तक्ता. काचेच्या फ्रेममध्ये. 'जठराचा रक्तपुरवठा. प्रत्यक्ष विच्छेदनावरून.' खाली सरांची सही. चित्र माझं, सही विभागप्रमुखांची. त्याबद्दल या वह्यांत पूर्वी पुरेसं लिहून झालंय. विभागाला रंग दिला तेव्हा जुने तक्ते टाकून देत होते, याने मागून आणला.

"याच्यावरच पास झालो मी, मिस. डोळे मिटले तरी दिसतो."

आनंद व्हायला हवा होता. मी यकृताचा तपकिरी रंग पाहत राहिले.

मंगळवार, १२ डिसें.

लिहून टाकते. कुठे तरी लिहायलाच हवं होतं.

१९५१चा हिवाळा. चौथं टेबल. बेवारस देह, मध्यमवयीन पुरुष. धमन्यांत शेंदूर भरलेला, मारुतीला लावतात तोच, त्यामुळे एकेक फांदी लालभडक. सरांनी तक्ता सांगितला, मी पेन्सिल घेऊन स्टुलावर बसले.

जठराला रक्त चहूबाजूंनी येतं. वरच्या आखूड वळणावर दोन धमन्या, एक डावीकडून एक उजवीकडून, मध्ये एकमेकींना भेटतात. खालच्या लांब वळणावर तशाच दोन. शिवाय प्लीहेकडून लहान लहान चार-पाच. एक बंद झाली तर बाकीच्या सांभाळून घेतात. जठर उपाशी राहत नाही. सगळ्यांत मोठी वरची डावी, लेफ्ट गॅस्ट्रिक. पुस्तकात ती फक्त जठराकडे जाते (आणि थोडी अन्ननलिकेकडे).

त्या माणसाच्या पोटात ती तशी नव्हती. मुळापासून थोडं पुढे आल्यावर तिला एक जाड फांदी फुटली होती आणि ती वर, यकृताच्या डाव्या भागात शिरत होती. त्या भागाला दुसरी धमनी नव्हतीच. मी दिसलं तसं काढलं. कॉन्व्हेंटमध्ये चित्रकलेच्या सिस्टरनी सुकलेलं सफरचंद सुकलेलं काढायला शिकवलं होतं.

सर म्हणाले, "मुलं गोंधळतील. पुस्तकाप्रमाणे करा."

पांढऱ्या रंगाने बुजवली. वाळल्यावर वरून यकृताचा तपकिरी रंग दिला. मग त्यांनी खाली लिहायला लावलं, प्रत्यक्ष विच्छेदनावरून. तेही मीच लिहिलं, सुंदर अक्षरात.

पुस्तक खोटं नाही. बहुतेक माणसं पुस्तकासारखीच असतात. पण चौथ्या टेबलावरचा माणूस तसा नव्हता, आणि तो तसा होता असं आम्ही लिहून ठेवलं. पुढे ती फांदी आणखी काही देहांत दिसली. शिकवणाऱ्यांना दाखवली. "हो का," म्हणाले.

बुधवार, १३ डिसें.

बेरियम पाजून पोटाचा एक्स-रे काढला. व्रण जठराच्या वरच्या वळणावर, बराच उंच. बरोबर त्या डाव्या धमनीच्या, ले.गॅ.च्या वाटेवर. दे. म्हणतो ऑपरेशन लागेल, शनिवारी. व्रणासकट जठराचा तुकडा काढायचा. फूटपट्टी घेऊन माझ्याच तक्त्यावर दाखवलं. "ही इथे, मुळाशी बांधायची."

मी म्हटलं, "मुळाशी बांधण्याआधी तिला यकृताकडे फांदी आहे का ते बघा."

"व्हेरिएशन्स आम्हालाही शिकवतात, मिस. उघडल्यावर दिसेलच."

"दिसत नाही. यकृत आणि जठर यांच्यामधल्या पातळ पदरात असते, चरबीत बुडलेली. बोट घालून ठोका बघावा लागतो."

"तुम्ही मेलेल्यांची पाहिलीत," तो हसून म्हणाला. "जिवंत पोटात वेळ नसतो."

"तो नसतो म्हणूनच आज सांगतेय."

शरदने दंड धरून बाहेर आणलं. "आत्या, तू काहून डॉक्टरशी भिडून राहिली? आईले शनिवारी त्याच्याच हातात द्यायचं आहे ना. नाराज झाला तर?"

नाराज झाला तर. सत्तावीस वर्षांपूर्वी मीही हेच म्हणाले असेन, मनात.

गुरुवार, १४ डिसें.

दुसरा गुरुवार. कु.ला तोंडाने काहीच द्यायचं नाही. "पाहा, आपोआप उपास घडून राहिला," म्हणाली. फार समाधानी.

दहाला दे. राऊंडवर गेला तेव्हा मी त्याच्या खोलीत शिरले. फ्रेम भिंतीवरून उतरवली, मागचे खिळे कात्रीने काढले, काच बाजूला ठेवली. दारात पेशंट बसलेले, सगळ्यांच्या माना आत. कंपाउंडर धावत आला.

"मॅडम, ते साहेबांचं आहे."

"ते माझं आहे."

लाल पेन्सिलीने फांदी काढली. ले.गॅ.पासून यकृतापर्यंत. जागा बरोबर बसली. खाली बुजवलेल्या रंगाचा उंचवटा बोटाला अजून लागतो.

दे. आला. आधी कंपाउंडरकडे पाहिलं, मग चित्राकडे. दार लावून घेतलं. मी सांगितलं सगळं. टेबल चार, सर, पांढरा रंग. सही त्यांची असली तरी पुसणारा हात माझा.

त्याने काच उचलून भिंतीला टेकवून ठेवली. मग म्हणाला, "सत्तावीस वर्षं, मिस."

"हो."

"आणि आज सांगताय. तुमच्या घरचं माणूस आहे म्हणून."

मी लाल पेन्सिल कात्रीशेजारी ठेवली.

तो खुर्चीत बसला. "ही धमनी मी आजवर किती जणांची मुळाशी बांधली असेल," असं काहीतरी म्हणाला, माझ्याशी नाही. चष्मा पुसला. पुढचा पेशंट आत बोलावला. तक्ता तसाच टेबलावर.

शुक्रवार, १५ डिसें.

शनिवारची वाट पाहायला मिळाली नाही. अकराला पुन्हा उलटी, सगळं लाल. कु.ची नाडी मला सापडेना. दे.ने तिथल्या तिथे आत घेतलं.

शरद रक्ताची बाटली आणायला गेला होता. विधानसभेचं अधिवेशन चालू, मोर्चा, सदरचा रस्ता बंद. बाटली छातीशी धरून पायी पळत आला.

सव्वाअकरा ते दोन. बाकावर बसून मी काय करत होते ते लिहीत नाही. प्रार्थना इंग्रजीत आठवत होती, मराठीत नाही.

दे. बाहेर आला. शरदला म्हणाला, वाचलीय, पुढचे चार दिवस महत्त्वाचे. मग मला बाजूला घेतलं.

"बोट घातलं, मिस. ठोका लागला."

"मग?"

"माझ्याच बोटाचा होता की फांदीचा, कळेना. प्रेशर पडलेलं, नीट लागत नव्हतं. वरून रक्त भरत होतं. क्लॅम्प शक्य तितका पुढे घेतला, जठराजवळ. पण किती पुढे, ते शपथेवर नाही सांगणार."

फांदी असेल आणि तिच्या आधी बांधली गेली असेल, तर यकृताच्या डाव्या भागाचं रक्त तुटलं. शेजारून मिळालं तर बरं. नाही मिळालं तर ताप, डोळे पिवळे, आणि मग...

तो खरं बोलला. मी त्याला तेवढं तरी म्हणायला हवं होतं.

रविवार, १७ डिसें.

काल ताप शंभर. आज शंभर. ऑपरेशननंतर एवढा येतोच, नर्स म्हणते. नर्स बावीस वर्षांची आहे.

कु.ला खिडकीशी तोंड करायला लावून खालची पापणी ओढून पाहिली. पांढरी. की पिवळसर. खिडकीला पिवळे पडदे आहेत. काढायला लावले. कुरकुर झाली, काढले.

"तुम्ही माह्या डोळ्यात काय शोधून राहिल्या, बाई?"

"कचरा गेला का पाहते."

"दोन्ही डोळ्यांत?"

ती फांदी बांधली गेली असेल, हे शरदला अजून सांगितलेलं नाही. दे.नेही नाही. म्हणजे पुन्हा दोघांनी मिळून एक गोष्ट बुजवलीच. संध्याकाळी शरदला फाटकाशी गाठून सांगितली. तो ऐकत राहिला. "मले आधी काहून नाही सांगितलं," एवढंच. मग सायकल काढली आणि न चढता हातात धरून चालत गेला.

मंगळवार, १९ डिसें.

सकाळी १०१. दे.ने काविळीच्या तपासणीसाठी रक्त काढलं. रिपोर्ट उद्या दुपारी. दे. आता दिवसातून तीनदा येतो, यायची गरज नसताना. पोटावर उजवीकडे वर हात ठेवून दाबतो, मग मध्ये. कु.चा चेहरा बघतो. मी त्याचा बघते.

दुपारी कु.ला चमच्याने पाणी. चार चमचे. पाचव्याला मानेने नाही.

"बाई, तुम्ही लोकायच्या पोटाचे चित्र काढत होत्या. माहं काढून दाखवा. काय काय कापलं ते तरी पाहू द्या."

पलंगाच्या पायथ्याशी तापाचा कागद अडकवलेला होता, तो काढून त्याच्या पाठीवर काढलं. जठर, कापल्यानंतरचं. खाली आतड्याला जोडलेलं.

"एवढंच राह्यलं? सणाले दोन पुरणपोळ्या कशा मावतीन याच्यात?"

"अर्धी अर्धी. दिवसभरात."

"अन् पुड्या?"

"एकही नाही."

ती हे ऐकलंच नाही असं दाखवून कागदाकडे बघत होती. मी धमन्या काढल्या. खालच्या वळणावरच्या, प्लीहेकडच्या, बांधलेल्या ठिकाणी गाठ. वरच्या फांदीपाशी पेन्सिल थांबली. पुढे तुटक रेघेने काढली, यकृतापर्यंत.

"हे काहून तुटकतुटक काढलं?"

"ते तुझ्या पोटात आहे की नाही, मला माहीत नाही."

"डॉक्टरले?"

"त्यालाही नाही. आणि असलं, तर ते त्याने बांधलं की वाचवलं, तेही नाही."

कु.ने कागद डोळ्यांजवळ नेला. म्हटलं आता रडेल. मग म्हणाली, "मंग तुम्ही परवापासून माह्या डोळ्यात कचरा नाही पाहून राहिल्या."

"नाही."

"असं." कागद तिने चादरीवर पालथा ठेवला आणि डोळे मिटले. "माह्या शरदले माहीत आहे?"

"आहे."

"बरं केलं."

चारला नर्स आली. थर्मामीटर लावलं, उजेडाकडे धरून पाहिलं, चादरीवरचा कागद उचलून लिहिलं. १०१.४. मागे चित्र आहे हे तिने पाहिलं नाही, कागद पुन्हा पलंगाच्या पायथ्याशी अडकवला आणि दे.ला बोलवायला गेली.