बोटांना कळेनासं झालं

सोम. ६ जाने.
हे गॅरेजमधून आले ते सरळ मोरीत. कपड्याची पावडर, मग साबण, मग परत पावडर. हात कधीच स्वच्छ निघाले होते, तरी धूत होते.
खूप विचारल्यावर सांगितलं. एका गाडीच्या इंजिनाची चुडी, म्हणजे आतले आटे, मेली, प्लग लावताना. प्लग आधी नुसत्या बोटांनी फिरवायचा, दोन-तीन फेरे सरळ गेला की मगच पाना लावायचा. गॅरेजात हे सगळ्यांना यांनीच शिकवलं. वाकडा बसत असेल तर बोटाला लगेच कळतं. कोणीतरी तसाच पाना लावून आवळला. आता इंजिनाचा वरचा अख्खा भाग उतरवावा लागणार. मालक प्रकाशभाऊ शेखरवर ओरडले, सगळ्यांसमोर. तो म्हणत राहिला, भाऊ, मी फक्त फिल्टर बदलला.
"मग प्लग कोणी लावले?"
"भाजी वाढ."
वाढली. तशीच राहिली ताटात.

बुध. ८ जाने.
सकाळी मी देवाजवळ होते. दूध वर आलं. यांनी पातेलं उचलून ओट्यावर ठेवलं. उजव्या हाताने, फडकं न घेता. घाई नाही, हात झटकला नाही. ठेवलं आणि परत पेपर घेतला.
"अहो, भाजलं नाही?"
"कोणाले?"
बोटं लालभडक होती. त्यांनीही माझ्यासोबतच पाहिली.
दिवाळीपासून आहे म्हणाले. आधी मुंग्या यायच्या, आता मुंग्याही येत नाहीत. प्लगचं विचारलं. मान हलवली. म्हणजे शेखरने नाही, यांनीच लावले होते.
मग मला देव्हाऱ्यापुढे नेलं, माझा हात गणपतीच्या पायावर ठेवला. "कोणाले सांगू नको. प्रकाशले तर नाहीच नाही. शपथ घे."
घेतली. त्या वेळी त्यांचं तोंड पाहवत नव्हतं. म्हणून घेतली. आता घेतली ती घेतली.

शुक्र. १० जाने.
डॉक्टर. शुगर खूप. डोळे मिटायला लावून बोटांना कापूस लावला, मग टाचणी. "लागलं की सांगा." हे डोळे मिटून बसलेले. टाचणी दोनदा टोचून झाली, हे अजून वाट पाहत होते.
डॉक्टर म्हणाले, साखरेने नसा गेल्या. गेलेलं परत येईल अशी आशा धरू नका, आहे ते सांभाळा. काम काय करता?
"दुकान आहे," हे म्हणाले.
एकतीस वर्षांत यांच्या तोंडून खोटं पहिल्यांदा ऐकलं. मी पर्समधलं काहीतरी शोधत राहिले.
भात बंद. गूळ-साखर बंद. प्रसादाचा शिरासुद्धा नाही.

रवि. १२ जाने.
दुपारी खिशातून मूठभर नट काढले, सुपात ओतले. म्हणाले, डोळे बांध आणि एकेक दे.
लग्न झालं त्या वर्षी माझ्या भावांना हाच खेळ दाखवला होता. हात पाठीमागे, भाऊ एकेक नट देतात, हे बघता बघता माप सांगतात: दहा, तेरा, बारा, हा घासलेला आहे. माझा थोरला भाऊ तेव्हा म्हणाला होता, बहिणीला जादूगार मिळाला.
हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर दोन रकाने पाडले.
उजवा: १० पैकी ३.
डावा: १० पैकी ६.
उजव्या तळहातावर दहाचा ठेवला तर म्हणाले, "दे न." "दिला," म्हटलं.
पट्टी स्वतःच सोडली. किती, विचारलं. तीन बरोबर, सांगितलं.
"तीन तं कोणीही सांगते."

मंगळ. १४, संक्रांत
प्रकाशभाऊंचा फोन, माझ्या नंबरवर. "वहिनी, तिळगूळ घ्या. एक विचारतो, दादांची तब्येत ठीक आहे न? एकच नट चार चार वेळा काढून लावून राहिले."
"ठीक आहे भाऊ. थंडीने बोटं आखडतात."
"मंग ठीक. माहे प्राण गेले होते. शनिवारी शाळेच्या दोन व्हॅन येऊन राहिल्या, ब्रेकच्या कामाले. दादांशिवाय ब्रेकले मी कोणाले हात लावू देत नाही."
सणाच्या दिवशी लबाडी. तीही इतक्या सहज.
संध्याकाळी हळदीकुंकू. समोरच्या ताई नातीला घेऊन आल्या. ती व्हॅननेच शाळेत जाते. कोणाच्या व्हॅनने, ते विचारायचं होतं. वाण दिलं, विचारलं नाही.

गुरु. १६ जाने.
शनिवार जवळ आला. आल्या आल्या म्हणाले, गरम पाण्याचा शेक दे, एखादवेळी नस मोकळी होईल. माझी आईही द्यायची, गुडघ्यांना. मीठ टाकून पातेलंभर केलं. उजवा हात बुडवून बसले.
"अजून गरम कर. काही लागून नाही राहिलं."
ओतत गेले. तीनदा. मग म्हणाले, आता बरं वाटून राहिलं, आत काहीतरी हललं. मलाही खरं वाटलं. आनंदच झाला.
मी स्वतः पाण्यात बोट घालून पाहिलं नाही. वाफ डोळ्यांसमोर होती.

शुक्र. १७, संकष्टी
चार बोटांवर फोड. पाण्याने टम्म. मधल्या बोटाची कातडी सोलून आलेली.
मी केलं हे. माझ्या हाताने.
डॉक्टर मला बोलले. शुगरवाल्याला शेक देतं का कोणी? ज्याला गरम कळत नाही, त्याला विचारून पाणी गरम करता? बरोबर बोलले. मनगटापर्यंत पट्टी. पंधरा दिवस काम नाही.
गॅरेजात सांगितलं, चहा सांडला.
उपास होता. सुटला तरी घास गेला नाही.

सोम. २० जाने.
दोन्ही व्हॅन शेखरने केल्या. हे फोनवरून एकेक सांगत होते, आणि शेवटी त्याला म्हणाले, "चाक लावताना नट बोटानं धरजो, घाई करू नको."
दिवसभर खिडकीशी. रस्त्यावरून गाडी गेली की, "ऐक वं, त्याचा पट्टा ढिला आहे." मला सगळ्या सारख्याच ऐकू येतात. हो म्हणते.
दुपारी मला झोप लागली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. उठल्यावर कळलं का लागली. यांच्या हातात कोणाची गाडी नाही म्हणून.
लिहून ठेवते, बोलता तर येणार नाही. आज दिवा लावताना गणपतीला म्हटलं, जखम सावकाश भरू दे.
बायको असून.

शुक्र. २४ जाने.
शेखर आला, पेरू घेऊन. त्याला दोन लेकरं आहेत. इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "दादा, त्या प्लगचं भाऊनं माह्या नावावर ठेवलं. आता महत्त्वाचं काम देताना दोनदा विचारते. व्हॅनही तुम्ही फोनवर होते म्हणून देल्या. तुम्हाले माहीत आहे न, मी नव्हतो?"
"माहीत आहे."
"मंग सांगा न भाऊले."
"हात बरा होऊ दे."
मी चहाला म्हणून उठले. गाळणी हातात घेऊन तशीच उभी. शेखरने अर्धा चहा ठेवला. जाताना माझ्या पाया पडला, नेहमी पडतो. पाय मागे घ्यावेसे वाटले.

मंगळ. २८ जाने.
तीन बोटं सुकली. मधलं नाही. कडेने काळसर, पट्टी सोडली की वास येतो. डॉक्टर म्हणाले, एव्हाना भरायला हवं होतं.
गणपतीने माझं इतक्या लवकर कधी ऐकलं नव्हतं.
आता उलटं मागते आहे. सकाळ-संध्याकाळ अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं. शब्द तोंडातून जातात, मन पट्टीजवळ.

शुक्र. ३१ जाने.
सोमवारी ठरणार. मधल्या बोटाचं पेर काढावं लागेल कदाचित. नाही काढलं तर वर चढेल.
हे डॉक्टरांना म्हणाले, "पान्यावर पकड राहीन न?"
"पाना कसला? तुमचं तर दुकान आहे ना?"
मग सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, काका, पकडीचं सोडा. पकडलंय की नाही, ते कसं कळणार तुम्हाला?
घरी आल्यावर यांनी प्रकाशभाऊंना फोन लावला. पुढच्या आठवड्यात येतो म्हणाले. जसं काही झालंच नाही. तिकडून भाऊ म्हणाले, वहिनीले द्या.
"वहिनी, खरं सांगा, येऊन राहिले न दादा? एक गाडी थांबवून ठेवली त्यांच्यासाठी. गिऱ्हाईक म्हणते, ब्रेक त्यांनीच करायचे."
हे माझ्याकडे पाहत होते. मी देव्हाऱ्याकडे पाठ केली.
"भाऊ, उद्या घरी या. फोनवर नको."
फोन ठेवला. हे म्हणाले, "काहून बोलावलं त्याले?"
"पट्टी पाहून जातील."
"पट्टी पाहाले?"
मी पट्टीचं सामान काढलं.

शनि. १ फेब्रु.
अकराला येतो म्हणाले आहेत. साडेदहा झाले.
पोहे भिजवले. शपथ मी तोंडाने सांगायची नाही अशी घेतली. न बोलता सांगितलं तर ती मोडते का, कोणाला विचारू? भाऊंसमोर ठेवावे म्हणून सूप आणि नट बाहेर काढले, परत आत ठेवले. दोनदा.
यांनी डाव्या हाताने दाढी केली. इस्त्रीचा शर्ट मागितला, बटणं मला लावायला सांगितली. आजवर कधी लावू दिली नव्हती. गळ्याजवळचं लावताना म्हणाले, "तो आला की तू स्वयंपाकघरात जाशीन, का इथंच बसशीन?"
म्हटलं, तुम्ही सांगाल तसं.
अजून काही सांगितलं नाही. बाहेर गाडी थांबली. कोणाची ते यांनी ऐकूनच ओळखलं. उठले नाहीत.