पाणी प्यालेली गाडी

४ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फसवी वस्तू गळ्यात पडली तर चूक विकणाऱ्याची की घेणाऱ्याची, असं परवा तुम्ही फोनवर विचारलंत आणि उत्तराची वाट न बघता फोन आईच्या हातात दिलात. बाबा, मला खरंच सांगता येत नाही. ग्राहक मदत केंद्रात बसून मी दिवसाला पंधरा जणांच्या तक्रारी उतरवून घेते, पण घरचा प्रश्न आला की जीभ जड होते.

आई म्हणाली, डावीकडचा इंडिकेटर दिला की हॉर्न वाजतो आणि बाजारातली माणसं तुम्हाला शिव्या देत बाजूला होतात. मला हसू आलं, मग हसल्याची लाज वाटली. गाडी घेऊन अजून महिना झाला नाही. दुरुस्तीची शिलाई मशिनं खांद्यावरून वाहून तुमचा गुडघा गेला, म्हणून तर ही जुनी का होईना, कर्जावर घेतली.

तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं आणि फोनवर तुम्ही नुसते हं हं करता. तेव्हा काय बिघडलं, कधी बिघडलं, कोण काय म्हणालं, ते तारखेसकट मला पत्राने लिहा. आणि रागाच्या भरातसुद्धा हप्ता थांबवू नका, नाहीतर तेच आपल्यावर उलटेल.

माझ्यावरचा लोभ आहे तसाच असू द्या, गाडीवरचा राग त्यात मिसळू नका.

तुमची
टिल्लू


११ जानेवारी

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

तुझ्या हुकमाप्रमाणे वही केली, सोबत पाठवतोय. सातवी पास माणसाचं अक्षर आहे, सांभाळून घे.

सोमवारी उजवा दिवा गेला. मंगळवारी तो आपोआप आला आणि काच खाली जाईना. बुधवारी मी पायाखालचं मॅटिंग उचकटलं. खाली बारीक पिवळा गाळ. मग सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढून पाहिला, तर आतल्या वीतभर पट्ट्यावर मातीची रेघ, कपात चहा वाळून बसते तशी. बाळ, तीस वर्षं मी मशिनं उघडतोय. पाणी प्यालेलं मशीन मला वासावरून कळतं. ही गाडी कुठल्यातरी पुरात सीटपर्यंत बुडालेली आहे.

विक्रेता म्हणाला होता, एका म्हाताऱ्या डॉक्टरांची गाडी, घर ते दवाखाना एवढीच चाललेली. तुझी आई म्हणते, दवाखाना नदीपलीकडे असेल आणि पूल नसेल.

विक्रेत्याकडे गेलो. तो म्हणाला, गाडी विकली, विषय संपला, आता कर्ज देणाऱ्या कंपनीला विचारा. कंपनीत गेलो. तिथला साहेब म्हणाला, आम्ही फक्त पैसे दिले, गाडीचं विक्रेत्याला विचारा. थोडक्यात, हप्ता चुकला तर गाडी त्यांची आणि गाडी बिघडली तर आपली. दोन्हीकडे खुर्ची मात्र दिली. गुडघ्याला बरं वाटलं.

आईचे आशीर्वाद. जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझा
बाबा


१९ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमची वही मी आमच्या केंद्रातल्या वकीलबाईंना दाखवली. त्या म्हणाल्या, इतकी नीट तक्रार शिकलेले लोकही लिहीत नाहीत. गाडी बुडालेली असणं आणि ते लपवणं ही साधी बाब नाही, पण खरेदीचे कागद बघू, असं त्यांनी सांगितलं. कर्ज माझ्या पगारावर, म्हणून कागद माझ्याचकडे. ते मी काढले, आणि अजून त्यांना दाखवलेले नाहीत.

बाबा, चौथ्या पानावर लिहिलंय की ग्राहकाने गाडी स्वतः तपासली, चालवून पाहिली, पूर्वीचे सर्व नुकसान समजून घेतले आणि समाधानाने ती स्वीकारली. त्याखाली माझी सही आहे. मी ते पान वाचलंच नव्हतं. त्या दिवशी विक्रेता मला सारखा मॅडम, मॅडम म्हणत होता, पानं उलटत होता, बोट ठेवत होता. तुम्ही आणि आई शेजारी बसून बघत होतात. घरातली पहिली पदवीधर एकेक ओळ अडखळत वाचतेय, हे मला दाखवायचं नव्हतं. रोज सह्या करणाऱ्या बाईसारखी मी झराझरा सह्या केल्या.

माझ्या खुर्चीमागे भिंतीवर पाटी आहे, वाचल्याशिवाय सही करू नका. हल्ली मी तिच्याकडे पाठ करूनच बसते. तशीही ती पाठीमागेच आहे, हे तेवढं बरं.

रागवा, पण अबोला धरू नका.

तुमची
टिल्लू


२७ जानेवारी

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आता तुम्हीही बोला. म्हणून बोलतो.

गिऱ्हाइकाचं मशीन घेताना मी आधी झाकण उघडतो, मग नमस्कार करतो, अशी माझी ख्याती. त्या दिवशी बॉनेटही उघडलं नाही. विक्रेत्याने दोनदा विचारलं, काका, बघायचंय का. मी म्हणालो, कशाला, आमची मॅडम आहे ना. तुला सह्या करताना बघत होतो. माझ्या बापाने जन्मभर अंगठा उठवला. तुझं ते लपेटदार अक्षर सोडून इंजिनात बघायला कोण जाणार?

म्हणजे तू समजलीस बाबा गाडी बघतील, मी समजलो पोर कागद बघेल. दोघांनी एकमेकांवर टाकलं आणि त्या विक्रेत्याने दोघांना गंडवलं. अबोला कसला धरू, स्वतःशी?

एका मेकॅनिककडून लेखी तपासणी करून घेतली आहे, सोबत जोडतो. त्याने लिहिलंय, वायरिंग सडलेलं, ब्रेकचे पाइप आतून गंजलेले.

तुझा
बाबा


८ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

थोडक्यात लिहिते. तपासणीच्या अहवालासह दोन्हीकडे लेखी तक्रार पाठवली. कंपनीकडून उत्तर आलं की तक्रार नोंदवली आहे. दुसरं आलं की पहिली तक्रार सापडत नाही. फोन केला की एक यंत्र मला थांबायला सांगतं आणि मी थांबते. मधल्या सुट्टीत डबा एका हातात, फोन दुसऱ्या हातात. लोकांना धीर देताना मी किती सहज बोलायचे, चिकाटी ठेवा म्हणून. चिकाटी म्हणजे हे असतं, ते माहीत नव्हतं.

ब्रेकचं वाचल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. ती गाडी चालवू नका. शपथ घालते.

लोभ वाढवू नका, आहे तेवढा पुरे आहे. नुसती गाडी थांबवा.

तुमची
टिल्लू


२० फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

गाडी उभी आहे, आईची शपथ. बसने जातो. दोन मशिनं घेऊन चढलं की कंडक्टर माझंही तिकीट काढतो आणि मशिनांचंही.

पण ऐक. तुझी लेखी तक्रार लागली असावी. विक्रेता स्वतः घरी आला. ही गाडी परत घेतो, दुसरी चांगली देतो, कर्ज आहे तेच राहील, म्हणाला. दुसरी मी या वेळी त्याच्या दुकानात जाऊन नखशिखांत उघडून पाहिली. उत्तम आहे. त्याची अट एवढीच की सोबतच्या कागदावर तू सही करायची. मी या खेपेला तो वाचला. लिहिलंय की पहिल्या गाडीत कोणताही दोष नव्हता, ग्राहकाची आवड बदलली.

मी त्याला विचारलं, मग आमच्या गाडीचं काय करणार. तो म्हणाला, काका, तुम्ही कशाला काळजी करता. तिथेच एक शाळेतल्या बाई गाड्या बघत होत्या. मुलीला कॉलेजात सोडायला हवी होती त्यांना. त्याने त्यांना सांगितलं, परवा एक छान गाडी येतेय, डॉक्टरांची.

मी तसाच बस पकडून घरी आलो. बाळ, मी थकलोय. जिना चढताना गुडघा कडकड वाजतो, शेजारच्यांना कळतं मी आलो. जगाचं जग बघेल. कागद सोबत आहे, सही कर आणि परत पाठव. पण तू शिकलेली आहेस, माझ्यावर जाऊ नकोस, असंही एक मन म्हणतं. आई यावर काहीच बोलत नाही, आणि ती गप्प असली की मला झोप लागत नाही.

तुझा
बाबा


२७ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तीन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. कागद बारा वेळा वाचला. आठच ओळी आहेत.

पहिली खोटी सही मी न वाचता केली होती. ही वाचून करावी लागली असती. सही केली असती तर तुमचा गुडघा सुटला असता, हे मला दिसत होतं, दुसरं काही दिसतच नव्हतं. मग त्या बाई आठवायच्या, ज्यांना मी पाहिलेलंही नाही, आणि शेजारच्या सीटवर बसलेली त्यांची मुलगी. वकीलबाईंना चौथं पान दाखवलं. त्या रागावल्या नाहीत. त्यामुळे जास्त वाईट वाटलं.

निकाल काय लागेल ते त्यांनाही सांगता येत नाही. सहा महिने, कदाचित वर्ष. तोवर तुम्ही बसने जाणार आणि ते माझ्यामुळे, हे मला माहीत आहे. आठवड्याला एक सुट्टी मिळते. त्या दिवशी मी घरी येत जाईन आणि मशिनं मी उचलीन. उंची कमी असली तरी खांदे आहेत.

तुम्हाला न विचारता केलं, म्हणून ओरडायचं असेल तर समोर ओरडा. पत्रात ओरडलेलं मी परत परत वाचते.

काल दुपारी ग्राहक न्यायालयात विक्रेता आणि कर्ज देणारी कंपनी, दोघांविरुद्ध अर्ज दाखल केला. विक्रेत्याचा कागद सही न करता अर्जाला पुरावा म्हणून जोडला. अर्जाची पहिली ओळ अशी आहे की चौथ्या पानावरची सही माझी आहे आणि मी ती न वाचता केली. खिडकीतल्या कारकुनाने ती वाचून मान वर केली. म्हणाला, ताई, ही ओळ काढा, तुमचीच बाजू लंगडी होते. मी त्याला म्हटलं, राहू दे. त्याने शिक्का मारला.

तुमच्या लोभावर विसंबून,
टिल्लू