शिंकेच्या चार वाट्या

॥ श्री ॥
गंगाखेड, आषाढ शुद्ध ५, शके १८५८

ती. गं. भा. पार्वतीताईस,
छबूचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. तुझ्या शाळेतल्या पोरी पाढे म्हणतात, का अजून तुलाच म्हणायला लावतात?

ताई, मला बोरीला दादाकडे धाडायचं ठरलंय. कारण ऐकून हसू नकोस. माझी शिंक! ह्यांचं काम भुसाराच्या आडतीवर. सकाळी मी त्यांच्या सदऱ्यातली धूळ झटकते आणि नेमके तेव्हाच मामंजी वकिलीला निघतात. परवा मुकदमा हरून आले ते जोडेही न काढता ओरडले, की तिकडं मुन्सफापुढं मी कायदा मांडायलोय आन् इकडं ही शिंकून माझी पाठ मोडायली.

सासूबाई म्हणाल्या, की माझे गुडघे धरलेत, भाकरी कोण बडवील. म्हणून दिवाळीपर्यंत राहू देणार. शिंक वाईट असली तरी भाकरी चालते. दिवाळीनंतर मामंजींचे बडे पक्षकार आबासाहेब यांच्या जमिनीच्या दाव्याचा निकाल आहे. त्याआधी मी बोरीला. दावा जिंकला तर मला परत आणायचंच नाही, ह्यांच्यासाठी दुसरी बघायची. ह्यांना विचारलं, तर म्हणतात वडलांपुढं मी काय बोलू.

तूच काही सुचव. मायेचा हात डोक्यावरून काढू नकोस.
तुझी छबू


॥ श्री ॥
परभणी, आषाढ वद्य १

चि. सौ. छबूस अनेक आशीर्वाद.

हसले, आणि मग हसू राहिलं नाही. माझ्या लग्नाला वर्ष व्हायच्या आत तुझे मेहुणे गेले, तेव्हा सासरी माझ्या पायांना दोष दिला. त्या सालच्या साथीत गावातले किती तरणे गेले, आणि त्यांतल्या कितीजणांच्या घरी नवी सून आली होती, हे विचारायचं मला सुचलं नाही. तुझ्या वेळी तरी विचारू.

चार वाट्या मांड. वरच्या ओळीत शिंकल्या दिवसाच्या दोन, खालच्या ओळीत न शिंकल्या दिवसाच्या दोन. प्रत्येक ओळीत डावी हरल्याची, उजवी जिंकल्याची. प्रत्येक निकालाला एक चिंचोका, ज्या वाटीचा असेल तिच्यात टाक. तुझे सासरे एकाच वाटीत बघतात, शिंकली आणि हरलो. बाकीच्या तिन्ही त्यांनी पालथ्या घालून ठेवल्यात. सासूबाईंना सोबत घे, म्हणजे खोटेपणाचा आळ यायचा नाही. आणि मुद्दाम शिंक दाबू नकोस. आली तर येऊ दे.

जिवाला जप. पत्राची वाट बघते.
तुझी ताई


॥ श्री ॥
गंगाखेड, आश्विन शुद्ध ११

ती. गं. भा. ताईस,
छबूचा शि. सा. न. वि. वि.

चोवीस निकाल झाले. मी शिंकले त्यात मामंजी सहा हरले, दोन जिंकले. न शिंकता बारा हरले, चार जिंकले.

सासूबाईंना आधी हा पोरखेळ वाटला. आता मामंजी घरी आले, की त्या जोड्यांच्या आवाजावरूनच चिंचोका उचलतात. काल वाट्या बघून त्या हरखल्या. म्हणाल्या, की अगं, शिंकल्यावर सहाच हरले, न शिंकता बारा! तुझी शिंक तर लय गुणाची, रोज शिंकत जा. मी तपकीर ओढू का, हे तेवढं कळव.

बोरीची बैलगाडी भाऊबीजेनंतरची ठरलीय. लवकर लिही, लोभात ठेव.
छबू


॥ श्री ॥
परभणी, आश्विन वद्य ३

चि. सौ. छबूस अनेक आशीर्वाद.

तपकीर नको. सासूबाईंना माझा नमस्कार सांग आणि सांग, की बारा आणि सहा शेजारी ठेवायचे नाहीत. न शिंकलेले दिवसच जास्त आहेत, तर त्यात हरणंही जास्त भरणारच. एकेक ओळ वेगळी वाचा. शिंकलीस त्या आठांत दोन जिंकले. न शिंकलीस त्या सोळांत चार. दोन्हीकडे चारांतला एक! शिंक असो नसो, हिस्सा हलत नाही. म्हणजे तुझ्या शिंकेचा निकालाशी काही संबंध दिसत नाही.

निकालाचा संबंध कशाशी आहे, ते मी लिहीत नाही. ते तुझे सासरे आहेत.

धीर धर. माझा जीव तिकडेच आहे.
ताई


॥ श्री ॥
गंगाखेड, कार्तिक शुद्ध ९

ती. गं. भा. ताईस,
छबूचा शि. सा. न. वि. वि.

माझं जाणं रद्द झालं!

भाऊबीजेच्या दिवशी जेवणं झाल्यावर सासूबाईंनी वाट्या मामंजींपुढे मांडल्या. त्यांनी आधी वरच्या डाव्या वाटीवरच बोट ठेवलं आणि सहा, सहा म्हणून गरजले. मग सासूबाईंनी ओळी वाचायला लावल्या. वकीलच ते, आम्हा दोघींपेक्षा लवकर समजलं. कानापर्यंत लाल झाले. सगळे चिंचोके एका वाटीत ओतले, पान खाल्लं, आणि गाडीवानाला येऊ नकोस म्हणून निरोप धाडला. मी जात्यापाशी जाऊन रडून घेतलं.

पण दुसऱ्या दिवशी बांधाचा दावा हरलेले लिंबाजी ओसरीवर आले. मामंजी त्यांना हात जोडून सांगत होते, की कायदा सगळा आपल्या बाजूनं होता, पण सूनबाई शिंकली, तिथं वकील तरी काय करील. लिंबाजींनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि निमूट गेले. सासूबाई चुलीपाशी म्हणाल्या, की आता ते तुला माहेरी चार दिवससुद्धा धाडायचे न्हाईत. तू गेल्यावर कोण शिंकणार?

आज आबासाहेबांच्या दाव्याचा निकाल. मामंजी निघाले आणि मला शिंक आलीच नाही. ते उंबऱ्यात थांबले. डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा बांधला. खोकले. माझ्याकडे बघितलं. मी खाली मान घालून उभी. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी इतक्या मायेनं विचारलं, की पोरी, आज बरं न्हाई का तुला?

टपाल निघतंय, म्हणून इथंच थांबते. आहे तशीच माया राहू दे.
तुझी छबू