अपेंडिक्स नाही, बाबा

मी, या घरातलं शेंडेफळ, वय वर्षं तेवीस, शिक्षण बारावी (दुसऱ्या झटक्यात), धंदा टीव्ही चॅनलवर बीप मारणं, हे मृत्युपत्र डोकं ठिकाणावर असताना लिहितोय. घरच्यांना ते पटणार नाही, पण नशापाणी केलेलं नाही आणि मानगुटीवर कुणी बसलेलं नाही. उद्या सकाळी सातला माझं ऑपरेशन आहे. याआधीचं मृत्युपत्र गणिताच्या वहीत मागच्या पानावर होतं, ते रद्द समजावं.

कलम एक : खुलासा. ऑपरेशन अपेंडिक्सचं नाही. घरी तसं सांगितलं ते खोटं. माझ्या उजव्या आंडात गाठ आहे आणि ते काढणार आहेत. उद्या दवाखान्यात बाबांना एका फॉर्मवर सही करायची आहे, त्यावर हे छापलेलं आहे. परक्या खिडकीपुढे रांगेत चष्मा पुसताना त्यांना कळण्यापेक्षा इथे कळावं, म्हणून हा खटाटोप. तोंडाने सांगायला मी तीनदा गेलो होतो. तिन्ही वेळा तोंडातून आलं, "बाबा, चहा घेणार?" तिन्ही वेळा त्यांनी घेतला.

डॉक्टरीण म्हणते, यातून बहुतेक सगळे खडखडीत बरे होतात आणि एकावर संसार झकास चालतो. आईने इथे रडायचं असेल तर थोडक्यात आटपावं, पुढे वाटणी आहे.

काढलेलं आंड तपासणीला जाणार आहे. त्यावर कुणी हक्क सांगू नये.

कलम दोन : यादी. चॅनलच्या साहेबांनी मला त्रेसष्ट शब्दांची यादी दिली होती. त्यातला शब्द आला की बटण दाबायचं. शिव्या आणि अवयव एकाच कागदावर, बाराखडीप्रमाणे, त्यामुळे 'गर्भाशय' आणि 'गाढवा' वर्षानुवर्षं शेजारी नांदतायत.

एकदा कंटाळा आला म्हणून मी स्वयंपाकाच्या कार्यक्रमात बटण दाबलं. "आता हे बीप दोन्ही हातांनी हलकेच मळून घ्या." पीठ होतं हो, नुसतं पीठ. मग हवामानवाल्या बाई : "उद्या दुपारनंतर जोरदार बीप पडेल." आठवड्यात तक्रारींचा ढीग, कुटुंबासोबत बघवत नाही म्हणून. साहेबांनी बोलावलं.

"बाई म्हणाल्या काय?"

"पाऊस, साहेब."

"मग मला लाज कसली वाटली?"

"बीपची, साहेब."

त्यांनी मला हाकललं आणि दार लावून एकटेच हसले. केबिन काचेची आहे, साहेब.

पण एक बीप माझ्याच अंगाशी आला. आरोग्याच्या कार्यक्रमात एक डॉक्टर सांगत होते, "तरुणांनी महिन्यातून एकदा अंघोळीच्या वेळी बीप चाचपून बघावेत. बीपमध्ये गाठ लागली तर लाजू नका." यादीतला बावन्नावा शब्द, वृषण. दोन्ही वेळा मी अगदी टायमावर दाबलं, साहेबांनी शाबासकी दिली. मी शब्दावर टपून होतो, वाक्य ऐकलंच नाही. बीप मारणारा माणूस वाक्य ऐकत नसतो. सहा महिन्यांनी मलाच गाठ लागली, आणि पुढचे चार महिने मी ती घेऊन गुपचूप फिरलो. ते रेकॉर्डिंग परत काढून ऐकलं ते गेल्या आठवड्यात.

यादी साहेबांना परत. बावन्न नंबर मी खोडलाय.

कलम तीन : नववीचं विज्ञानाचं पुस्तक. आमच्या विज्ञानाच्या सरांना. प्रजननाचा धडा आला तेव्हा सर म्हणाले, "हा घरी वाचा." घरी बाबा म्हणाले, "शाळेत शिकवतील." तो धडा बिचारा शाळा आणि घर यांच्यामधल्या रस्त्यावर पडून राहिला. रस्त्यावर जे शिकायला मिळतं ते मी शिकलो. सर, पानं अजून करकरीत आहेत.

कलम चार : माझ्या पगारातून घेतलेला टीव्ही. ताईला. पडद्यावर दोन माणसं जवळ आली की बाबांना तहान लागते, हे सगळ्यांना माहीत आहे. मालिकेत बाई ओकली की ती गरोदर, हेही. म्हणून ताईला पित्त झालं तेव्हा आईने तीन घरी फोन करून टाकले, आणि ताई दोन महिने कुणाकडे जात नव्हती. माझंही टीव्हीने तेच केलं. हिरोला मार छातीवर बसतो, जोकरला तिथे, आणि सगळे खो खो हसतात. मला वाटलं आपलं दुखणं जोकराचं, सांगितलं तर लोक हसतील. ताई, बघ खुशाल, पण विश्वास ठेवू नकोस.

माझा फोन पाण्याच्या बादलीत सोडावा. आत बघू नये. त्यातून या विषयाचं जे ज्ञान मिळालं ते बहुतेक खोटं निघालं, डॉक्टरिणीने दुरुस्त केलं.

कलम पाच : सायकल. आत्याआजीला, म्हणजे बाबांच्या आत्याला. ती चालवणार नाही, पण तिची म्हटल्यावर विकायची कुणाची छाती होणार नाही. तिने चाळीस वर्षं सुईणीचं काम केलं. मला बघून म्हणाली,

"काय रे, फेंगडा का चालतोस? आंड सुजलंय का?"

"आजी, हळू!"

"का? त्याला ऐकू येतं?"

मग सांगितलं तिने. "आमच्या वेळी नाकाला नाक म्हणायचे नि याला हे. तुझ्या आजोबांना कचेरीत नोकरी लागली, घरात सोफा आला. सोफ्यावर बसून असलं बोलवेना कुणाला. मग एकेक शब्द घराबाहेर गेला. शिव्या देणाऱ्यांनी उचलून नेले, त्यांचं चांगलं चाललंय. जा मेल्या, उद्याच्या उद्या दाखव."

गेलो. डॉक्टरीण म्हणाली, "कुठे त्रास?"

"खाली."

"पाय?"

"वर."

"पोट?"

"थोडं खाली."

"मी लिफ्ट आहे का?"

मग मी आजीचा शब्द वापरला. भिंत कोसळली नाही. डॉक्टरिणीने मानसुद्धा वर केली नाही, "डावं की उजवं?" एवढंच विचारलं.

कलम सहा : आई. बँकेत जे काय आहे ते आईला. पासबुक बघून हसू नये. माझी उशी कुणाला देऊ नये, मी बहुतेक परत येतोय.

कलम सात : बाबा. बाबांना या मृत्युपत्रात काही ठेवलेलं नाही. राग नाही. साक्षीदाराला वाटा मिळत नाही म्हणतात, आणि मला बाबा साक्षीदार हवेत. चॅनलमधल्या माझ्या शेजारच्या टेबलावरचा एडिटर, जो पहिला साक्षीदार आहे, तो म्हणाला, "साक्षीदाराने वाचायचं नसतं रे, सही करताना बघायचं असतं." असेल. माझ्या मृत्युपत्रात वाचायचं असतं. पहिल्या ओळीपासून, मधे पाणी प्यायला न उठता.

वर लिहिलंय ते माझं, माझ्या अक्षरात, खाडाखोड माझीच.

स्थळ : आमचं जेवणाचं टेबल, खिडकीकडची बाजू
दिनांक : नऊ, मंगळवार, दुपारचे चार

सही : (शेंडेफळ)

साक्षीदार पहिला : एडिटर. वाचलं. दोन ठिकाणी कापलं असतं, पण नाही कापत.

साक्षीदार दुसरा : वडील. सगळं वाचलं, बसून. उद्या फॉर्मवर सही मीच करणार, आईला घेऊन येऊ नकोस, तिला आज मी सांगतो. डॉक्टरीणबाईंकडे माझ्यासाठीही वेळ घे. माझं डावं आंड दोन वर्षं जड लागतंय.